हौबेरची पुडी

गेल्या महिन्यात आमची पुतणी जर्मनीहून आली. दरवेळी चॉकलेटं आणते, यावेळी सोबत एक लहानशी काचेची बरणीही आणली. आत काळपट निळी, सुकलेली गोल फळं. मिऱ्याहून मोठी, वाटाण्याहून थोडी लहान. "काकू, हा आमच्याकडचा मसाला. पत्ताकोबीत घालतात. तुम्हाला आवडेल," म्हणाली. 'आमच्याकडचा' ऐकून मला हसू आलं. पंधरा वर्षांत माणसाचं 'आमच्याकडे' हिंगण्याहून स्टुटगार्टला जाऊन बसतं! असो.

बरणी उघडली, एक फळ चिमटीत चुरलं, नाकाशी नेलं आणि तशीच खुर्चीत बसले. राळेचा वास. देवदाराच्या लाकडाची जुनी पेटी उघडावी तसा, आणि मागून लिंबाच्या सालीसारखं काहीतरी. हा वास मला माहीत होता. पस्तीस-चाळीस वर्षांत घेतला नव्हता, तरी ओळखीचा होता. तो माझ्या आईच्या पत्र्याच्या डब्याचा वास होता.

चष्मा लावून फळाचं टोक पाहिलं. टोकावर तीन बारीक रेघा एकत्र येतात, मिटलेल्या डोळ्यासारख्या. आई म्हणायची, "तीन रेघांचा डोळा असला तरच हौबेर. नाही तर दुकानदार काहीही बांधून देते." डोळा होता.

पुतणी म्हणाली, "काकू, याला जर्मनीत वाखोल्डर म्हणतात, इंग्रजीत ज्युनिपर." मी म्हटलं, "आणि तुझ्या आजीच्या डब्यात याला हौबेर म्हणत." आता चकित व्हायची पाळी तिची होती.

आईचा तो डबा आमच्या घरातल्या मोठ्या मंडळींना आठवत असेल. बिस्किटांचा, लाल रंगाचा, झाकणावर गुलाबाची फुलं. आत वर्तमानपत्राच्या कागदाच्या पुड्या, प्रत्येकीवर आईच्या हातचं अक्षर. सुंठ, पिंपळी, मुरुडशेंग, वावडिंग, हिरडा, हौबेर. गावातल्या एका वैद्यबुवांनी सांगितलेलं आणि स्वतः अनुभवलेलं, असं सगळं त्या पुड्यांवर दोन-दोन ओळींत लिहिलेलं असायचं. पोट फुगलं, वारा धरला की आई त्यातून चिमूट-चिमूट काढून खलात कुटायची.

या हौबेरचा थोडा शोध घेतला. शास्त्र माझा विषय नाही. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. पण एका फळाचा इतिहास म्हणजे इतिहासच, नाही का?

हौबेर हे संस्कृतमधल्या 'हपुषा'चं लोकांनी केलेलं रूप. हिंदीत हाऊबेर. 'बेर' असलं तरी हे बोर नाही, आणि खरं सांगायचं तर फळही नाही. हे झाड देवदार-चीडच्या गोतातलं, शंकू धरणारं. पण याच्या शंकूचे खवले लाकडासारखे न होता मांसल होऊन एकमेकांना चिकटतात आणि त्याची गोळी बनते. टोकावरचा तीन रेघांचा डोळा म्हणजे त्या तीन खवल्यांची जोडणी. गोळी पिकायला दोन-तीन वर्षं लागतात. म्हणून एकाच झाडावर हिरव्या आणि निळ्या गोळ्या एका वेळी दिसतात. हे झुडूप युरोपभर, उत्तर अमेरिकेत आणि आशियाच्या थंड भागात वाढतं. आपल्याकडे काश्मीरपासून कुमाऊंपर्यंतच्या हिमालयात. लडाखच्या मठांमध्ये धूप म्हणून जी 'शुक्पा' जाळतात, तीही याच कुळातली.

महाराष्ट्रात हे झाड उगवत नाही. सह्याद्रीत नाही आणि सातपुड्यातही नाही. मग हिंगण्यातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोच्या डब्यात ते आलं कुठून? तर पुस्तकांतून आणि इतवारीतून.

पुस्तक म्हणजे चरकसंहिता. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ. त्यात गुल्म म्हणजे पोटातल्या वायूच्या गोळ्यावर 'हपुषाद्य घृत' नावाचं औषधी तूप दिलं आहे. त्याची यादी वाचून मी चाटच पडले. हपुषा, सुंठ, मिरी, पिंपळी, चवक, चित्रक, सैंधव, जिरं, पिंपळीमूळ, ओवा. शिवाय बोरांचा आणि मुळ्याचा रस, दूध, दही, डाळिंब. हे सगळं तुपात शिजवायचं. औषध कसलं, निम्मी कढीच झाली की! पोटाच्या विकारांवरचं नारायण चूर्ण आहे, त्याच्या यादीची सुरुवातच ओवा, हपुषा, धणे अशी होते. हिंगाच्या एका चूर्णात तर हिंग आणि हपुषा एकाच ओळीत शेजारी बसले आहेत.

पुढे सोळाव्या शतकात भावमिश्राने 'भावप्रकाशा'त हिची नावं नोंदली. अश्वत्थफला, म्हणजे पिंपळाच्या फळासारखी. हे नाव अगदी चपखल आहे. पिंपळाचं सुकलेलं फळ आणि ही गोळी शेजारी ठेवा, लांबून फरक कळणार नाही. दुसरं नाव मत्स्यगंधा. मला काही माशाचा वास आला नाही, पण आम्ही शाकाहारी माणसं, आमच्या नाकाचं काय घेऊन बसलात! तिसरं प्लीहहंत्री, म्हणजे वाढलेली पाणथरी कमी करणारी. आज आपल्या सरकारच्या आयुर्वेदिक औषधसंहितेत हपुषा म्हणजे हीच ज्युनिपरची गोळी मानली आहे.

आता माझ्या डोक्यात जो किडा शिरला तो असा. चरकाच्या त्या तुपाच्या यादीतल्या बहुतेक वस्तू आज माझ्या स्वयंपाकघरात आहेत. जिरं, ओवा, सुंठ, मिरी, सैंधव, सगळं मसाल्याच्या डब्यात. पिंपळी निदान दिवाळीनंतरच्या खोकल्यात तरी निघते. मग हपुषाच का बाहेर राहिली? ज्या फळाला युरोपात स्वयंपाकघरात मानाची जागा मिळाली, ते आपल्याकडे दोन हजार वर्षं औषधाच्या पुडीतच का राहिलं?

कुणी म्हणेल, लांबून येतं म्हणून. पण ते काही खरं नाही. हिंग बघा. हिंगाचं झाड आपल्याकडे नव्हतंच. सगळा हिंग अफगाणिस्तान, इराण, मध्य आशियातून यायचा. तरी हिंगाशिवाय वरणाला फोडणी नाही. (आमच्या गावाच्या नावात हिंग आहे, म्हणून इथे हिंग पिकत होता का, असं वर्गातली मुलं हमखास विचारायची. नाही रे बाबांनो! हिंगण म्हणजे काटेरी झाड, हिंगणबेट. ऋषींच्या आश्रमातली 'इंगुदी' ती हीच. हिंगणा हे नाव त्यावरून पडलं असावं असं आम्ही गावकरी धरून चालतो.) दगडफूल कुठे आपल्या परसात उगवतं? तरी काळ्या मसाल्यात ते लागतंच. नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाने जगाला दिलेला सावजी रस्सा घ्या. त्यात दगडफूल, मोठी वेलची आणि कुठून कुठून आलेल्या वस्तू एकत्र नांदतात. म्हणजे लांबून येणं ही अडचण कधीच नव्हती.

गंमत अशी की भारतात हिंगाचं पहिलं रोप पालमपूरच्या हिमालय जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने १५ ऑक्टोबर २०२० रोजी लावलं, ते हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात, क्वारिंग गावी. त्याच लाहौलच्या डोंगरउतारांवर हौबेर आपोआप उगवतं, कुणी लावावं लागत नाही. एक परदेशी पाहुणा आपण आग्रहाने बोलावून घरात बसवला, आणि दारातलं माणूस दारातच उभं.

उत्तराचा एक धागा मला रोममध्ये सापडला. प्लिनी नावाचा एक रोमन लेखक होता. त्याचा मोठा ग्रंथ इसवी सन ७७ च्या सुमाराचा. आपल्याकडे तो सातवाहनांचा काळ. प्लिनी बिचारा भारतावर फार चिडलेला. दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे त्यांची नाणी, भारत आपल्या देशातून ओढून नेतो, अशी त्याची तक्रार. मिरीचे भावही त्याने लिहून ठेवले आहेत. एका रोमन पौंडाला काळी मिरी ४ दिनार, पांढरी ७ आणि पिंपळी १५. आणि पुढे तो लिहितो की मिरीत ज्युनिपरच्या फळांची भेसळ करतात, कारण ती फळं मिरीचा तिखटपणा मोठ्या नवलाने ओढून घेतात!

हे वाचलं आणि मी एकटीच मोठ्याने हसले. दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमचा वाणी आणि आईचा 'काहीही बांधून देणारा' दुकानदार, दोघंही एकाच माळेचे मणी!

पण त्यात आपलं उत्तरही आहे. ज्यांच्याकडे मिरी पिकत नव्हती, ज्यांना ती सोन्याच्या मोलाने घ्यावी लागत होती, त्यांनी आपल्या माळावर फुकट मिळणारी गोळी तोंडात टाकून पाहिली. थोडी तिखट, थोडी कडवट, थोडी गोड. गरिबाची मिरीच ती. थंड मुलुखात हिवाळाभर खारवलेलं मांस आणि आंबवलेली कोबी खायची. त्या चरबीला आणि आंबटपणाला हा राळेचा वास कापतो. पुतणी सांगते, सावरक्राउट म्हणजे आंबवलेल्या कोबीत आजही पाच-सहा गोळ्या ठेचून घालतात, तमालपत्रासोबत. उत्तर युरोपात शिकारीच्या मांसाला हा मसाला लागतोच. इटलीच्या उत्तरेला डोंगरी भागात मांस खारवतानाही घालतात. प्लेगच्या साथीत हवा शुद्ध व्हावी म्हणून युरोपात याच झाडाच्या फांद्या जाळत. म्हणजे देवघर, दवाखाना, स्वयंपाकघर, सगळीकडे तिचा वावर.

आपल्याकडे मात्र मिरी घरचीच. मलबारातून येणारी का होईना, पण आपली. कोकणात माशाच्या आमटीला तिरफळ. मग मिरीच्या बदलीला आलेल्या पाहुणीला चुलीपाशी कोण बसवणार? शिवाय आपला मसाला फुलतो तो फोडणीत, कढत तेलात. हिंग तेलात पडला की उग्रपणा टाकून सुगंधी होतो. हौबेरचा स्वभाव तसा नाही. मी करून पाहिलं, कढत तेलात तिचा वास झटक्यात उडून जातो आणि मागे कडवटपणा राहतो. ती मंद आंचेवर, तासभर शिजणाऱ्या भांड्यात खुलते. नाहीतर दारूत.

हो, दारूत. आता शाळामास्तरीण दारूवर लिहिते म्हणून नाकं मुरडू नका, इतिहास आहे तो. हॉलंडमध्ये धान्याच्या दारूत ज्युनिपर घालून 'येनेव्हर' करत. ती इंग्लंडला पोचली आणि नाव तोडून 'जिन' झाली. अठराव्या शतकात लंडनची गरीब वस्ती या स्वस्त जिनमध्ये बुडाली. १७५१ मध्ये हॉगार्थ या चित्रकाराने 'जिन लेन' नावाचं चित्र काढलं. त्यात नशेतल्या आईच्या हातून मूल खाली पडतंय. एकदा पाहिलं की विसरता येत नाही. त्याच वर्षी पार्लमेंटने जिनवर निर्बंध घालणारा कायदा केला. आणि भेसळीची कथा इथेही संपत नाही. त्या स्वस्त जिनमध्ये खऱ्या ज्युनिपरऐवजी सर्रास टर्पेंटाइन घालत! जी गोळी रोममध्ये मिरीत भेसळ म्हणून गेली, तिच्याच जागी लंडनमध्ये रंगाऱ्याचं तेल आलं. चोराच्या घरी चोरी म्हणतात ती ही.

मग हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांनी हिवतापाच्या भीतीने कडू क्विनाइन प्यायला सुरुवात केली. क्विनाइन घातलेल्या टॉनिक पाण्याचं लंडनमधलं पेटंट १८५८ चं. ते पाणी आणि जिन यांची जोडी जमली ती इथेच, आपल्या देशातल्या छावण्यांमधून. नागपूरजवळ कामठीची छावणी १८२१ सालची. तिथेही त्या बाटल्या आल्याच असणार. म्हणजे बघा, एकच फळ आमच्या मुलुखात दोन वाटांनी आलं. एक हिमालयातून, गोणीत भरून, इतवारीत. दुसरं समुद्रावरून, बाटलीत उतरून, कामठीत. इतवारीतल्या गोणीला आणि कामठीतल्या बाटलीला एकमेकींचं नातं माहीत असण्याचं कारण नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. जिनमध्ये ज्युनिपरच्या खालोखाल जो मसाला लागतो तो म्हणजे धणे. चरकाच्या नारायण चूर्णात काय होतं? ओवा, हपुषा, धणे. जोडी तीच. एकीकडे पोट बरं करायला, दुसरीकडे ते बिघडवायला, एवढाच फरक.

आता तर वर्तुळ पुरं झालंय. गोव्यात एका कंपनीने २०१७ मध्ये जिन काढली आणि २०१८ मध्ये हिमालयातल्या ज्युनिपरची दुसरी, तिचं नावच 'हपुसा' ठेवलं. चरकाच्या पोथीतला शब्द बाटलीच्या चिठ्ठीवर! आमचे वैद्यबुवा असते तर कपाळाला हात लावला असता. मला मात्र राग आला नाही. निदान नाव तरी लोकांच्या तोंडी आलं.

इथवर मला वाटत होतं, प्रश्न सुटला. आपल्याकडे मिरी होती, म्हणून हौबेरची गरज पडली नाही. मुद्दा संपला. पण मागच्या रविवारी जे घडलं त्याने मला दुसरं उत्तर दिलं, आणि ते सांगायलाच खरं तर मी हे लिहायला घेतलं.

माझी नात, लेकीची लेक, सध्या चार दिवस राहायला आली आहे. पाचवा महिना चालू आहे. तिला जर्मन कोबी खाऊ घालावी म्हणून मी पुतणीच्या सांगण्याप्रमाणे पत्ताकोबी चिरली, कांदा परतला, आठ गोळ्या ठेचून टाकल्या, झाकण ठेवून मंद आंचेवर तासभर शिजवली. वरून सांबार पेरला. (पुण्याकडच्या वाचकांनी गोंधळू नये, आमच्या नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) घरभर वास दरवळला. मी आईच्या आठवणीत, अगदी खुशीत. ताट वाढलं, नातीपुढे ठेवलं, आणि वाटीतली भाजी तिने घासात घेतली तोच तो वास पुन्हा नाकात शिरला. आणि त्या वासासोबत, कसं ते सांगता येत नाही, डोळ्यांसमोर आईची पुडी आली. जशीच्या तशी. निळ्या शाईत 'हौबेर'. खाली 'पोटफुगीस, चिमूटभर'. आणि त्याखाली तांबड्या पेन्सिलीने, दोनदा अधोरेखित केलेलं, 'पोटुशीस नको'.

मी तिच्या हातातला घास काढून घेतला. अक्षरशः काढून घेतला. ती बघतच राहिली. "आजी, काय झालं काय?"

दुसऱ्या दिवशी तिच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "भाजीतली एखादी गोळी पोटात गेली असती तरी काही आभाळ कोसळत नव्हतं, घाबरू नका. पण गरोदरपणात आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर मुद्दाम खाऊ नये हे खरं. तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "माझ्या आईने." आई जाऊन पस्तीस वर्षं होऊन गेली, हे नाही सांगितलं.

मग वाचलं. याच कुळात सॅव्हिन नावाची एक झुडपी बहीण आहे, ती तर विषारीच. युरोपातल्या अडलेल्या बायकांनी शतकानुशतकं ती लपूनछपून घेतली, नको असलेलं गर्भारपण संपवण्यासाठी. कित्येकींनी त्यात जीव गमावला. त्यांच्या गोष्टी कुठल्या चित्रात नाहीत. हॉगार्थला जिन पिणारी आई दिसली, या नाही दिसल्या.

आणि तेव्हा मला चुलीचा नियम कळला. स्वयंपाकघरातल्या डब्यात जे जातं ते घरातल्या सगळ्यांसाठी असतं. म्हाताऱ्यासाठी, तान्ह्याच्या आईसाठी, पोटुशीसाठी. एकाच पातेल्यातून सगळ्यांना वाढायचं असतं, आणि आमच्याकडच्या एकत्र घरांत तर कुणी ना कुणी दोन जिवाची असायचीच. जे सगळ्यांना चालत नाही ते चुलीपाशी नको, ते वेगळ्या डब्यात, नाव लिहून, ज्याला लागेल त्याला, लागेल तेवढंच. आपल्या बायकांनी हौबेर बाहेर ठेवली ती मिरी होती म्हणून, हे खरंच. पण निदान माझ्या आईने ती बाहेर ठेवली ती माहीत होतं म्हणून. तांबडी पेन्सिल उगीच नाही उचलली गेली. माझ्यात आणि धाकट्या भावात सात वर्षांचं अंतर आहे. मध्ये काही झालं होतं का, हे मी आईला कधी विचारलं नाही. आता विचारायला कुणी नाही.

आता कबुली. तो डबा हरवला नाही, चोरीलाही गेला नाही. तो मीच टाकला. आई १९८९ मध्ये गेली. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही जुनं मातीचं घर पाडून पक्कं बांधलं. मी तेव्हा चाळिशीची, शाळेत शिकवणारी, स्वतःला मोठी शहाणी समजणारी. डबा उघडला तर पुड्यांना जाळी लागलेली, किडे झालेले. 'काय हा कचरा' म्हणून सगळा ढिगावर ओतला. डबा भंगारवाल्याला दिला. मुलांना वर्गात मी ताम्रपट आणि शिलालेख शिकवत होते. जुनी कागदपत्रं कशी जपावीत, यावर निबंधही लिहून घेत होते! आणि माझ्या घरातला शिलालेख वर्तमानपत्राच्या कागदावर, तांबड्या पेन्सिलीत होता, तो मी उकिरड्यावर टाकला. त्यातल्या पंधरा-वीस पुड्यांपैकी मला आज सहा-सात आठवतात. आणि सूचना तर एकच आठवली, तीही वासाने आठवून दिली म्हणून.

हिंग, जिरं, ओवा यांचं काय करायचं ते कुणी लिहून ठेवावं लागत नाही. रोज हाताखालून जातं, लेक आईचं बघून शिकते. पण डब्याबाहेरच्या वस्तूंचं ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात आणि एकाच कागदावर असतं. ते माणूस गेलं आणि कागद टाकला, की संपलं. चरकाची पोथी छापून आहे, ती कुठे जात नाही. आईची पुडी छापलेली नव्हती.

परवा लोकमान्य नगरहून मेट्रोत बसले, चितार ओळीला उतरले आणि रिक्षाने इतवारीत गेले. किराणा ओळीजवळ जडीबुटीचं एक जुनं दुकान आहे. म्हटलं, "हाऊबेर आहे का?" दुकानदाराने वर न पाहता विचारलं, "किती पाहिजे?" म्हणजे अजून मिळते! पन्नास ग्रॅम घेतली. कागदावर ओतून चष्मा लावून एकेक गोळी पाहायला लागले तेव्हा मात्र त्याने वर पाहिलं. "काय पाहून राहिल्या, बाई?" मी म्हटलं, "डोळा." निम्म्या गोळ्यांना तीन रेघांचा डोळा होता, निम्म्या भलत्याच होत्या. मी त्याला दाखवलं. तो खजील झाला नाही, पण वेचून खऱ्या तेवढ्या दिल्या, हे त्याचं मोठेपण. जर्मनीच्या गोळ्या टपोऱ्या आणि ताज्या, या सुरकुतलेल्या, वास जवळजवळ उडालेला. पण चुरल्यावर अगदी खोलवर तोच.

घरी आल्यावर एक कागद घेतला, पुडी बांधली आणि वर माझ्या अक्षरात लिहिलं. हौबेर. पोटफुगीस, वैद्यांना विचारून. तीन रेघांचा डोळा पाहून घेणे. आणि खाली नातवाच्या कंपासपेटीतली लाल पेन्सिल घेऊन, दोनदा अधोरेखित करून, 'पोटुशीस नको'. नात शेजारी बसून पाहत होती. तिने त्याचा फोनवर फोटो काढला. म्हणाली, "आजी, पुडी तू ठेव, फोटो मी ठेवते."

पुतणीची बरणीही मी मसाल्याच्या कपाटात ठेवलेली नाही. वेगळ्या डब्यात ठेवली आहे, बिस्किटांच्याच. नात बाळंत झाली, बाळ मोठं झालं, की तिच्यासाठी एकदा ती कोबी पुन्हा करीन. चांगली झाली होती हो. बाकीच्यांनी भांडं चाटून-पुसून खाल्लं.

आता घरच्या मंडळींना एक विनंती. आईच्या पुड्यांवरची माहिती तुमच्यापैकी कुणाच्या आईने, आजीने, आत्याने वहीत उतरवून घेतली असेल, माहेरच्या पत्रात कधी एखादी ओळ आली असेल, तर ती शोधा आणि मला कळवा. काटोलच्या मंडळींनी जुनी ट्रंक एकदा उघडून बघावी. आणि आमच्या घरचे नसलेल्या वाचकांनी आपापल्या घरचा डबा टाकण्याआधी एकदा वाचून घ्यावा.